बनियनलाही मोझॅक झाला!



रस्ता, रेती, पाणी, लोडशेडिंग यावर मी इथं नेहमी भांडतो. आज रंगावर भांडायचंय. हसू नका. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. पूर्ण वाचल्यावर शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पत्रकार फक्त दुसऱ्याच्याच चुका काढतो.

काही वर्षांपूर्वीची ऑगस्टातली गोष्ट. आपल्या झरी जामणी तालुक्यातल्याच एका गावात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता. शेतकऱ्याचा फोन आला, मी गाडी काढली अन् गेलो. शेत खरंच पिवळं पडलं होतं. पण आभाळ भरलेलं, उजेड मेलेला. फोनच्या कॅमेऱ्यानं आपल्या हुशारीनं पिवळेपणा कमी करून सगळं हिरवट, टवटवीत दाखवलं. घरी येऊन व्हिडिओ पाहिला तर काळजाला लागेना. मग मी काय केलं? एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 'वॉर्म्थ' वाढवली, 'सॅच्युरेशन' वाढवलं, वरून एक तयार फिल्टर मारला. आता शेत कसं हळद लावल्यासारखं दिसू लागलं. व्हिडिओ टाकला. शेअरवर शेअर झाले. मी खूश.

काही दिवसांनी एका बैठकीत तोच व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला गेला. एक साहेब शांतपणे म्हणाले, "पत्रकार साहेब, सोयाबीनला मोझॅक झाला हे मान्य. पण तुमच्या व्हिडिओत या माणसाच्या बनियनलाही मोझॅक झालाय. मागच्या डांबरी रस्त्यालाही झालाय. आभाळालाही झालाय."

सगळी खोली हसली. मीही कसनुसा हसलो. हसला नाही तो एकटा शेतकरी. पाहणी झाली, पण लांबली, अन् तोवर पानगळ झाली होती. बाहेर आल्यावर तो मला एवढंच बोलला, "भाऊ, माह्यं खरं होतं. तुमी त्याले खोटं करून टाकलं."

पत्रकारितेची पदविका घेताना मला बातमीत कोण, काय, कुठं, कधी, का, कसं हे शिकवलं होतं. रंग कोणता, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्या वाक्यानं शिकवलं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलोय. जे कळलं ते सांगतो, अन् मग माझा राग कोणावर आहे तेही सांगतो.

कॅमेरा रंग पाहतच नाही

पहिली गोष्ट पचायला जड आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. त्याला फक्त उजेड किती पडला तेवढं कळतं. मग रंग येतो कुठून? सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक रंगीत काच बसवलेली असते, कोणावर लाल, कोणावर हिरवी, कोणावर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर नावाच्या माणसाची, १९७६ साली तिचं पेटंट झालं. आज बहुतेक सगळ्या फोनात अन् कॅमेऱ्यात तीच किंवा तिच्यासारखीच मांडणी असते. त्यात निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक ठिपका तीनपैकी एकाच रंगाचा आकडा मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं बघून अंदाजानं भरले जातात.

तुमच्या लग्नाच्या व्हिडिओतला दोन तृतीयांश रंग हा हिशेबानं काढलेला अंदाज असतो, भाऊ. अंदाज चांगला असतो, पण अंदाजच असतो.

सेन्सरमधून निघालेले हे आकडे जसेच्या तसे ठेवले तर त्याला 'रॉ' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जिनिंगला जायच्या आधीचा कापूस. सरकी आहे, पत्ती आहे, कचरा आहे, पण जे शेतातून आलं ते सगळं आहे. फोनवरचा नेहमीचा व्हिडिओ म्हणजे दाबून बांधलेली गाठ. त्यातून काय काढून टाकलं, काय ठेवलं, ते कारखान्यानं ठरवलेलं. गाठ उघडून पुन्हा बोंड करता येत नाही.

रॉपासून पडद्यापर्यंत जायला तीन-चार पायऱ्या लागतात. आधी अंदाजानं रंग भरायचे. मग पांढरं काय ते ठरवायचं, म्हणजे व्हाइट बॅलन्स. दुपारच्या उन्हातला पांढरा सदरा वेगळा, हॅलोजनखालचा वेगळा, सावलीतला निळसर. आपला डोळा हे आपोआप सांभाळतो, कॅमेऱ्याला लाल अन् निळ्याचे आकडे कमीजास्त करून सांभाळावं लागतं. ढगाळ दिवशी पूर्ण फ्रेम पिवळ्या सोयाबीननं भरली की कॅमेऱ्याचा गोंधळ होतो. त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, अन् तो बिचारा पिवळं काढून टाकतो. माझ्या व्हिडिओत पहिली गडबड तिथं झाली. दुसरी मी स्वतः केली. कॅमेऱ्याचं चुकलं होतं तर मी पांढरी बनियन पांढरी दिसेपर्यंतच दुरुस्ती करायची होती. बनियन तिथं माझा साक्षीदार म्हणून उभी होती. मी साक्षीदारालाच रंगवला.

सातबारा अन् रंगाचा हिशेब

आता तिसरी पायरी. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, अन् आपल्याकडच्या शूटिंगवाल्या पोरांना ही कोणी समजावून सांगितलेली नाही.

तुमच्या सातबारावर १.२० लिहिलंय. म्हणजे किती? सातबारावर तो आकडा हेक्टर-आरमध्ये असतो, म्हणजे जवळपास ३ एकर. कोणी तो एकर समजून वाचला तर ३ एकराचा माणूस सव्वा एकरावर आला. आकडा तोच, एकक बदललं, अन् माणूस बुडाला.

रंगाचंही असंच आहे. 'लाल २००, हिरवा ८०, निळा ६०' या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही. कोणत्या मापातला २००? या मापाला कलर स्पेस म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतःचं माप असतं. ते आधी १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या एका सामाईक मापात न्यायचं, तिथून पडद्याच्या मापात आणायचं. पडद्याचीही मापं वेगवेगळी. जुन्या टीव्हीचं रेक ६०१, एचडीचं १९९० सालचं रेक ७०९, अन् फोरकेसाठी २०१२ साली आलेलं रेक २०२०. ६०१ चे आकडे ७०९ समजून वाचले की लाल-हिरवा सरकतो. तसंच, काही व्हिडिओत काळा म्हणजे १६ अन् पांढरा म्हणजे २३५ असतो, काहींत ० ते २५५. यात गल्लत झाली तर एक तर व्हिडिओवर राख उडवल्यासारखी होते, नाहीतर सावलीतलं सगळं काळं ठिक्कर. सावलीत बसलेला सावळा माणूस मग दिसतच नाही, नुसते दात अन् डोळे दिसतात. तुम्ही म्हणता कॅमेरा खराब. कॅमेरा ठीक असतो, सातबारा वाचायला चुकलेला असतो.

अजून एक. मोठ्या मापातून लहान मापात आणताना जे बसत नाही ते कापलं जातं. होळीच्या टायमाला आपल्या जंगलात पळस फुलतो. त्याचा फोटो काढून पाहा. डोळ्याला दिसतो तो निखारा पडद्यावर कधीच येत नाही, फुलाच्या पाकळ्यांचा एकसपाट केशरी डाग होतो. पैनगंगेच्या पलीकडं आदिलाबादेत गोंड बांधवांच्या गुसाडी नाचातल्या मोरपिसांच्या टोप पाहा. डोळ्यासमोर निळा-हिरवा थरारतो, व्हिडिओत नुसता गडद पुंजका उरतो. हे कापणं नीट हिशेबानंही करता येतं अन् कुऱ्हाडीनंही. आपल्याकडं कुऱ्हाड चालते.

म्हणजे काय होतं? वणी, पांढरकवडा, मुकुटबनपर्यंत आता पोरांकडं चांगले कॅमेरे आलेत. कोणीतरी यूट्यूबवर सांगितलं की 'लॉग'मध्ये शूट कर. पोरगं लॉगमध्ये शूट करतं. लॉगचा व्हिडिओ मुद्दामच फिका, राखाडी असतो, त्याचं नीट रूपांतर करावं लागतं. ते न करता पोरगं फुकटात मिळालेली एक तयार 'लट' त्यावर टाकतं. ती लट कोणत्या कॅमेऱ्यासाठी, कोणत्या मापासाठी बनवली, हे त्याला माहीत नाही. सासूचं औषध सुनेला. आजार वेगळा, वय वेगळं, पण बाटली दिसायला छान.

पोरांवर माझा राग नाही. त्यांनी कर्ज काढून कॅमेरे घेतलेत. राग त्या सवयीवर आहे, जी म्हणते की रंग म्हणजे वरून मारायचा चुना.

पहिली चोरी: पोरीचा चेहरा

एका कोलाम पोडावर लग्नाचा व्हिडिओ पाहायला बसलो होतो. हौसेनं पैसे जमवून शूटिंग केलेलं. टीव्हीवर नवरी आली. गोरीपान. गुळगुळीत. नाकाची कड गायब, हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं. आई बराच वेळ बघत राहिली अन् मग म्हणाली, "हे माही पोरगी नोहोय."

कोणी काही बोललं नाही. व्हिडिओवाल्यानं तर मन लावून काम केलं होतं. त्याला वाटलं आपण उपकार केले.

इथं मला इतिहास सांगू द्या, म्हणजे कळेल की हा रोग आपल्या गावातला नाही. फिल्मच्या जमान्यात फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिला शर्ली कार्ड म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर. जगभरच्या सावळ्या-काळ्या माणसांचे फोटो कितीतरी वर्षं त्या एका गोऱ्या चेहऱ्याच्या मापानं धुतले गेले. नंतर गडद रंग नीट यावेत म्हणून फिल्म सुधारली. त्यामागचं एक कारण कोडॅकच्याच माणसांनी पुढं सांगितलं: चॉकलेटवाले अन् लाकडी फर्निचरवाले तक्रार करत होते की आमच्या मालाच्या छटा जाहिरातीत नीट दिसत नाहीत. कपाटाची तक्रार ऐकली गेली, माणसाची तोवर राहून गेली होती. कितीतरी वर्षांनी, २०२१ मध्ये, गूगलनं आपल्या फोनमध्ये सावळ्या त्वचेचे रंग नीट यावेत म्हणून वेगळं काम केलं अन् त्याची जाहिरात केली. २०२२ मध्ये हार्वर्डच्या एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची त्वचेच्या १० छटांची पट्टी गूगलनं खुली केली. म्हणजे जगानं चूक मान्य केली. आपण मात्र अजून शर्लीबाईच्याच लग्नाचे व्हिडिओ काढतोय.

अन् एक फार सुंदर गोष्ट सांगतो. रंग तपासायला संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोल तक्ता असतो, व्हेक्टरस्कोप म्हणतात त्याला. त्यावर एक तिरकी रेष असते, त्वचेची रेष. नीट शूट केलं असेल तर गोरा असो, सावळा असो, काळा असो, कोणाचाही चेहरा त्या एकाच रेषेच्या आसपास पडतो. कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं लालच असतं. फरक असतो तो उजेडाचा अन् गडदपणाचा. जे संतांनी सांगितलं ते हे यंत्रही सांगतं. चेहरा पांढरा केला की तो त्या रेषेवरून ढळतो, चुन्यासारखा किंवा जांभळट होतो. म्हणजे गोरं करणं ही नुसती मानसिक गुलामी नाही, ते तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं काम आहे. ज्याला कारागिरीचा अभिमान आहे त्यानं तरी ते करू नये.

दुसरी चोरी: गरिबीचा पिवळा

आता उलटी बाजू. बाहेरून जेव्हा कॅमेरे येतात, अन् झरी जामणीत कॅमेरे कशासाठी येतात हे तुम्हाला माहीत आहे, आत्महत्या, कुमारी माता, कुपोषण, तेव्हा आमचा तालुका एकदम मातकट होतो. पावसाळ्यात शूट केलेलं हिरवंगार रानही राखाडी-तपकिरी करून दाखवतात. आभाळाचा निळा काढून टाकतात. हिरव्या लुगड्यातली बाई धुळीच्या लुगड्यात दिसते. दुःख दाखवायचं तर रंग नको, हा त्यांचा नियम.

अरे बाप्पा, आमच्याकडं दुःख आहे, पण ते हिरव्या रानात आहे! हीच तर खरी बातमी आहे. वीतभर पावसात सगळं हिरवं होतं, जंगल आहे, नदी आहे, काळी माती आहे, अन् तरी माणूस मरतो. तुम्ही रानच वाळवून दाखवलं की बघणाऱ्याला वाटतं, दुष्काळी भाग आहे, निसर्गाची अवकृपा, कोण काय करणार? हिरवं रान दाखवलं की बघणारा विचारतो, मग याला जबाबदार कोण? रंग काढला की प्रश्नही निघून जातो. म्हणून मी याला चोरी म्हणतो.

लग्नवाला आमच्या पोरीला गोरी करतो, शहरवाला आमच्या गावाला पिवळं करतो. आमचा जो रंग आहे तो कोणालाच नको आहे.

तिसरी चोरी: पानाचा रंग, म्हणजे थेट पैशाचा अन् जिवाचा प्रश्न

आता जे म्हणतील की हे सगळं भावनेचं आहे, त्यांच्यासाठी हिशेबाचं बोलतो.

आज शेतकरी पानाचा व्हिडिओ काढतो अन् व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. कृषी केंद्रवाल्याला, ओळखीच्या साहेबाला, एखाद्या ग्रुपवर. तिकडून औषधाचं नाव येतं. रंगावरून निदान होतं. कपाशी लाल पडली. का? मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रात्री अचानक गारठा पडला, मुळाशी पाणी साचलं, तर लाल्या. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पान आधी कडेनं पिवळं, मग लाल होतं, अन् कडा खाली वळतात. एकाला मॅग्नेशियम सल्फेट लागतं, दुसऱ्याला कीटकनाशक. सोयाबीनवर पिवळे चट्टे असतील तर पांढऱ्या माशीनं पसरवलेला मोझॅक, शिरा हिरव्या अन् मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता. फरक कडेत आहे, शिरेत आहे, छटेत आहे.

अन् व्हिडिओ नेमकं तेच खातो. फोन व्हिडिओ साठवताना उजेडाची माहिती पूर्ण ठेवतो, पण रंगाची माहिती ४ ठिपक्यांमागे एकदाच ठेवतो, कारण डोळ्याला बारीक रंग कमी कळतो. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा दाबतं. फोनचा 'व्हिव्हिड' मोड हिरवं अजून हिरवं करतो. अन् संध्याकाळी साडेपाचला, सोनेरी उन्हात काढलेला व्हिडिओ असेल तर निरोगी पानही लाल्या झाल्यासारखं दिसतं. त्यावरून सांगितलेली फवारणी बरोबर निघाली तर तो नशिबाचा भाग.

चुकीची फवारणी म्हणजे नुसते पैसे गेले असं यवतमाळ जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते व्हिडिओमुळं गेले असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी होती. मी एवढंच म्हणतो की ज्या जिल्ह्यानं हे पाहिलंय, तिथं एकही फवारणी विनाकारण होता कामा नये.

आता गंमत बघा. हाच कापूस शेतातून निघून बाजारात गेला की त्याचा रंग किती काटेकोर मोजतात! एचव्हीआय नावाचं यंत्र असतं. कापूस किती उजेड परत फेकतो अन् किती पिवळा आहे, हे दोन आकडे ते वेगळे काढतं. त्या यंत्राचा काटा नीट आहे का हे तपासायला ठरलेल्या रंगाच्या प्रमाणित फरशा असतात. पावसानं भिजून कापूस जरा पिवळा पडला की भाव पडतो, अन् शेतकऱ्याला ते मान्य करावं लागतं.

म्हणजे व्यापाराला रंग हवा तेव्हा प्रमाण आहे, फरशी आहे, आकडा आहे. शेतकऱ्याला नुकसान दाखवायचं असतं तेव्हा "फोटो पाठवा." कसा? कोणत्या उजेडात? कशाशी ताडून? २०२१ पासून आपण ई-पीक पाहणीत फोनवरून पिकाचे फोटो चढवतोय. विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची तेव्हा त्यातही फोन आलाच होता. फोटो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांश विचारता, बरोबर आहे. त्यातला हिरवा खरा की खोटा, हे विचारायला काय हरकत आहे?

"कोण बघतो एवढं?"

हे सगळं बोललो की तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: "रंग देणं ही कला आहे." एकदम मान्य. सिनेमात करा ना! १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीनं 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवलं. व्ही. शांताराम त्याच्या रंगीत प्रिंट काढायला पार जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, प्रयोग फसला. पण कोल्हापूरचा माणूस रंग नीट यावा म्हणून सातासमुद्रापार गेला, हे लक्षात घ्या. त्यांना रंगाची किंमत कळत होती. आपल्या हातात फुकटचं सॉफ्टवेअर आहे, अन् आपण एक बटण दाबून मोकळे. अन् गोष्ट वेगळी, बातमी वेगळी. गोष्टीत नवऱ्या मुलाला निळा करा, माझी हरकत नाही. बातमीतली नदी, पंचनाम्यातलं पान अन् माणसाचा चेहरा यात कला नको, हिशेब हवा.

दुसरं: "लोकांनाच गोरं व्हायचंय." काहींना हवंय, खरं आहे. मग विचारा ना त्यांना! दोन्ही दाखवा, नीट रंगाचा एक अन् तुमचा पांढरा एक. मी एका शूटर मित्राला हे करायला लावलं. नवरीनं नीट रंगाचा निवडला. म्हणाली, "यात मी दिसते." एका उदाहरणावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण न विचारता तुम्ही ठरवता, हे तरी कबूल करा.

तिसरं, अन् सगळ्यात घातक: "कोण बघतो एवढं?" भाऊ, ज्याला तुमचं खरं खोटं पाडायचंय तो बघतो. नदीचं पाणी काळं आलं, पिकावर धूळ बसली, असा व्हिडिओ तुम्ही टाकता तेव्हा समोरच्या बाजूला बसलेला माणूस तुमचा व्हिडिओ तुमच्यापेक्षा बारकाईनं बघतो. त्याला धूळ नाकारायची गरजच नाही. "व्हिडिओला फिल्टर लावलाय" एवढं सिद्ध केलं की काम संपलं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. तुमच्याकडं मूळ फाइलच नसेल तर कशाचा ठसा देणार?

मग करायचं काय?

शेतकरी बांधवांनो: पानाचा व्हिडिओ सकाळी किंवा दुपारी, मोकळ्या सावलीत काढा. सूर्य कलल्यावर नको. पानाशेजारी राखाडी कार्ड ठेवा, फोटोग्राफीच्या दुकानात स्वस्तात मिळतं, एका गावाला एक पुरतं. तेही नसेल तर साधा पांढरा कागद ठेवा. कागद थोडा निळसर झाक मारतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. पाहणाऱ्याला निदान ताडायला काहीतरी मिळतं. व्हिडिओसोबत दोन-तीन फोटोही काढा, फोटोत बारीक रंग जास्त टिकतो. अन् व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबत नाही.

शूटर मित्रांनो: मंडपात शिरताना व्हाइट बॅलन्स हातानं लावा, ऑटोवर सोडू नका. लाल-पिवळ्या कापडाचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडतो, तो आधी ओळखा. आपला कॅमेरा कोणत्या मापात शूट करतो अन् व्हिडिओ कोणत्या मापात द्यायचा, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आधी रूपांतर, मग दुरुस्ती, मग हौस. हा क्रम उलटा करू नका. व्हेक्टरस्कोप उघडायला पैसे लागत नाहीत.

पत्रकार अन् यूट्यूबवाल्या भावांनो: बातमीवर फिल्टर बंद. उजेडाची दुरुस्ती केली तर तसं लिहा. मूळ फाइल पुसू नका, फोनची जागा भरली तर पेनड्राइव्ह घ्या.

अन् कार्यालयांना: नुकसानीचा फोटो मागता, तर तो कसा काढायचा याचं एक पान मराठीत काढा. जमलं तर कोलामी अन् गोंडीत ऐकवा. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या बॅगेत एक राखाडी कार्ड द्या. एवढ्या खर्चात किती वाद मिटतील याचा हिशेब तुम्हीच करा.

त्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला मी काही देऊ शकलो नाही. त्याचा मूळ व्हिडिओही माझ्याकडं नाही. फिल्टरवाला ठेवला अन् मूळ मी पुसला होता, जागा नव्हती म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितोय. आज त्याच्या बाजूनं बोलायला माझ्याकडं पुरावा म्हणून फक्त एक पिवळी बनियन उरलीय.

तुमचं मत कमेंटमध्ये टाका. शूटर मित्रांनी रागावून टाकलं तरी चालेल, चुकलो असेन तर दुरुस्त करीन. अन् एक विनंती. यापुढं माझ्या एखाद्या व्हिडिओत रंग वाढवलेला दिसला तर लांबलचक लिहू नका. एकच शब्द लिहा.

बनियन.

मला कळेल.